‘समुद्री वारे उशिरा स्थिरावले’ म्हणजे नेमकं काय? ऑफिस सुटल्यावर समुद्रावर फिरणाऱ्यांसाठी

मार्च उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेलं वाक्य छापून येतं: ‘समुद्री वारे उशिरा स्थिरावल्याने पारा चढला.’ दरवर्षी येतं, दरवर्षी आपण वाचतो आणि पान उलटतो. पण वाऱ्याने स्थिरावायचं म्हणजे काय करायचं? वारा तर वाहतो. आणि तो उशिरा आला म्हणून आपल्या घामाच्या धारा का?

मी फोर्टात नोकरी करते. सहाला सुटले की ओव्हल मैदानाच्या कडेने वीर नरिमन रोडवरून थेट मरीन ड्राइव्हच्या समुद्रावर जाते, तिथून उजवीकडे वळते आणि कट्ट्याच्या कडेने चालत चर्नी रोडला स्लो लोकल पकडते. तीस-पस्तीस मिनिटांचं हे चालणं गेली कित्येक वर्षं माझ्या दिवसाचा भाग आहे. एकाच रस्त्यावर रोज चाललं की एक गोष्ट लक्षात येते. काही संध्याकाळी वारा असा भेटतो की कानात वारं भरलेल्या वासरासारखं धावत सुटावंसं वाटतं, आणि काही संध्याकाळी त्याच जागी, त्याच वेळी पान हलत नाही. हे असं का होतं ते समजून घेतल्यावर माझं फिरणं बदललं. वेळ बदलली, महिन्यांप्रमाणे सवय बदलली. ते सगळं इथे सांगते.

तवा आणि पातेलं

गॅसच्या एका शेगडीवर कोरडा तवा ठेवा, दुसरीवर पाण्याने भरलेलं पातेलं. दोन मिनिटांत तव्याला हात लावता येणार नाही आणि पातेल्यातलं पाणी जेमतेम कोमट झालेलं असेल. जमीन आणि समुद्राचं तेच आहे. एक किलो पाणी १ अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साधारण पाच किलो कोरडी वाळू तितकीच तापते. शिवाय पाण्यात ऊन खोलवर शिरतं, लाटा ते पाणी ढवळत राहतात आणि बरीचशी उष्णता वाफ होण्यात खर्च होते. म्हणून दिवसभराच्या उन्हात जमीन भाजून निघते आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान सकाळ-दुपार जवळजवळ तेच राहतं. दुपारी दोन वाजता चौपाटीवर अनवाणी उभं राहून बघा. वाळूत पाय ठरत नाही, चार पावलांवर पाण्यात मात्र हायसं वाटतं.

तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार, जड हवा आत सरकते. दादरला डबा थोडा रिकामा झाला की दारातली माणसं आपोआप आत सरकतात, तसंच हे. ही आत सरकणारी हवा म्हणजे आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले खारे वारे. वर्तमानपत्रं त्यांना समुद्री वारे म्हणतात.

रात्री चित्र उलटतं. जमीन तापते लवकर आणि निवतेही लवकर. रात्र चढेल तशी, हिवाळ्यात तर लवकरच, जमीन समुद्रापेक्षा गार होते आणि हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागते. हे मतलई वारे. शिडाच्या होड्यांच्या काळात कोकणातले मच्छीमार पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत. इंजिन नव्हतं तेव्हा दिवसाचं वेळापत्रक हे दोन वारेच ठरवत असत.

मग उशीर कसला होतो?

फक्त तवा आणि पातेलंच असतं तर खारे वारे रोज त्याच वेळी आले असते. पण या स्थानिक खेळाच्या वर आणखी मोठे वारे वाहत असतात. हिवाळ्यात आणि मार्चमध्ये ते बऱ्याचदा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीकडून येतात, आणि मार्चमध्ये तापलेल्या महाराष्ट्रावरून आल्यामुळे गरम आणि कोरडे असतात.

आता दादरचा पूल डोळ्यांसमोर आणा. पूर्वेकडून माणसांचा लोंढा उतरतोय आणि पश्चिमेकडून तुम्हाला चढायचंय. लोंढा मोठा असेल तर तुम्ही पायरीपाशीच थांबता. तो ओसरला की मग वाट मिळते. खाऱ्या वाऱ्याचं असंच होतं. पूर्वेचा जोर कमी असला तर तो सकाळी अकराच्या सुमारास शहरात शिरतो. जोर जास्त असला तर दुपारी दोन-तीन वाजेपर्यंत किनाऱ्यापाशीच अडतो. तोवर जमीन तापतच राहते. खाऱ्या वाऱ्याने पूर्वेच्या वाऱ्याला मागे रेटून आपली दिशा धरली, की हवामान खात्याच्या भाषेत तो ‘स्थिरावला’.

हा उशीर किती महागात पडतो? २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. मार्चमधला हा तिथला विक्रम. मुंबई समुद्रात बसलेली असूनही असा दिवस उगवू शकतो, कारण त्या दिवशी हवा समुद्राची नसते, जमिनीची असते. मुंबईचं तापमान सांगताना कुलाबा आणि सांताक्रूझ असे दोन आकडे देतात तेही यामुळेच. कुलाबा तीन बाजूंनी पाण्यात, सांताक्रूझ किनाऱ्यापासून थोडं आत. मार्चच्या दुपारी या दोन आकड्यांत कधी कधी तीन-चार अंशांचा फरक पडतो.

फिरणाऱ्यांनी यातून एवढंच घ्यायचं: ज्या दिवशी दुपारी बातमीत ‘वारे उशिरा’ असं ऐकाल, त्या दिवशी संध्याकाळी घरी पळू नका. वारा उशिरा आलेला असतो, पण बहुतेक वेळा आलेला असतो. आत शहरात भिंती आणि डांबर उष्णता ओकत असताना किनाऱ्यावर मात्र गारवा पोचलेला असतो. माझ्या आठवणीतल्या सगळ्यात छान संध्याकाळी अशाच भाजक्या दिवसांच्या आहेत.

कट्ट्यावर गारवा, दोन गल्ल्या आत उकाडा

खारा वारा सुरुवातीला साधारण पश्चिमेकडून येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणारी हवा हळूहळू उजवीकडे वळते, आणि संध्याकाळपर्यंत हा वारा वायव्येकडून येऊ लागतो. उत्तरेकडे तोंड करून चालताना तो माझ्या डाव्या गालावर लागतो. दुपारी कामासाठी बाहेर पडून याच रस्त्याने गेले तर तो सरळ डाव्या कानावर असतो. एवढासा फरक, पण एकदा कळला की दर वेळी जाणवतो.

वायव्येला आहे मलबार हिल. म्हणून संध्याकाळी नरिमन पॉइंटच्या टोकाला वारा मोकळा लागतो आणि गिरगाव चौपाटीकडे यावं तसा तो टेकडीआड होऊन मंदावतो. वरळी सीफेसचं तोंड सरळ खुल्या समुद्राकडे, तिथे असा आडोसा नाही. ऑगस्ट २०२५मध्ये कोस्टल रोडच्या कडेचा फिरण्याचा रस्ता लोकांसाठी खुला झाला, तोही असाच उघडा. ज्यांना वारा झेपत नाही, कान दुखतात, त्यांनी आडोशाची जागा निवडावी. ज्यांना तो हवाच आहे त्यांनी उघडी.

इमारतींचा वाटा यात मोठा आहे. मरीन ड्राइव्हवर ए रोडपासून जी रोडपर्यंत समुद्राला काटकोनात निघणाऱ्या छोट्या गल्ल्या आहेत. इमारती पाच-सहा मजल्यांच्या आणि मध्ये गल्ल्या मोकळ्या, त्यामुळे वारा गल्लीतून आत शिरतो. गल्लीच्या तोंडाशी तो जोरात लागतो, कारण रुंद प्रवाहाला अरुंद वाट मिळाली की वेग वाढतो. नळाच्या पाइपचं तोंड बोटाने दाबल्यासारखं. किनाऱ्याला समांतर उंच भिंतीसारखी इमारत उभी राहिली की मागच्या वस्तीचा हा वारा जातो. समुद्र दिसणं ज्यांनी विकत घेतलं त्यांना वाराही मिळाला, मागच्यांना मात्र कुणी विचारलं नाही. किनाऱ्यावर काय बांधायचं हे ठरवताना वाऱ्याची वाट हा प्रश्न कागदावर यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

वारा लागतो, तरी अंग चिकट का?

समुद्रावरून घरी आल्यावर चष्म्याच्या काचा उजेडात धरून बघा. त्यांवर बारीक ठिपक्यांचा धूसर थर असतो. कोरड्या रुमालाने पुसला तर तो फराटे ओढत पसरतो, पाण्याखाली धरला तरच जातो. ते मीठ आहे. लाट फुटते तेव्हा तिच्या फेसातले असंख्य बुडबुडे फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडवतो. वारा ते उचलून आणतो.

मिठाला एक खोड आहे, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डबीतलं मीठ ओलं होतं तसंच. मुंबईच्या संध्याकाळी आर्द्रता सहज त्याच्या आसपास असते, म्हणून त्वचेवर बसलेलं मीठ सुकत नाही. चिकटपणा त्याचा आहे. त्याने काही बिघडत नाही, तोंड धुतलं की संपलं.

घामाचं गणित याहून महत्त्वाचं. घाम आल्याने अंग गार होत नाही, घाम सुकल्याने होतं. दमट हवेत त्वचेलगत ओलसर हवेचा पातळ थर साचतो आणि घाम सुकायचा थांबतो. वारा तो थर सतत बाजूला सारतो. म्हणूनच तापमान आणि आर्द्रता तेवढीच असली तरी पंख्याखाली बरं वाटतं.

यातूनच एक उपयोगी गोष्ट निघते. समजा, वारा ताशी १२ किलोमीटर आहे आणि तुम्ही ताशी ५ किलोमीटरने चालताय. वाऱ्याच्या विरुद्ध चाललात तर अंगाला १७चा वारा लागतो. वाऱ्याबरोबर चाललात तर फक्त ७चा. आणि वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १७चा रेटा ७च्या जवळजवळ सहापट. ज्यांना जाऊन-येऊन फिरायचं असतं त्यांनी जाताना वारा तोंडावर घ्यावा आणि येताना पाठीवर. अंगात दम असताना कष्टाची बाजू उरकते, दमल्यावर वारा ढकलत घरी आणतो. उन्हाळ्यात मात्र येताना अचानक उकडेल. तो वारा पडल्याचा भास असतो, वारा तुमच्याच दिशेने चालत असतो.

‘पण शुद्ध हवा सकाळची ना?’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आईपासून ऑफिसातल्या शिपाईकाकांपर्यंत सगळ्यांचं मत एकच: फिरायचं तर पहाटे. संध्याकाळचं फिरणं म्हणजे आळशी माणसाची पळवाट.

एप्रिल-मे महिन्यात सकाळ चांगलीच, ऊन नसतं. पावसाळ्यात सकाळ काय नि संध्याकाळ काय, हवा धुतलेलीच असते. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबईत हे मत साफ उलटं करायला हवं. त्याचं कारण तेच दोन वारे.

हिवाळ्याच्या रात्री जमीन निवते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते. वरची हवा मात्र तुलनेने उबदार राहते. एरवी खालची गरम हवा वर चढते आणि धूर घेऊन जाते. इथे खालची हवा गार, जड असल्याने वर जातच नाही. पातेल्यावर झाकण पडल्यासारखं होतं. हवामानशास्त्रात याला तापमानाचा उलटा थर म्हणतात. झाकणाखाली रात्रभर वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, शेकोट्या आणि जाळलेला कचरा साचत राहतो. त्यात मतलई वारा शहरभरची हवा हळूहळू किनाऱ्याकडे आणत असतो. पहाटे सहाला कट्ट्यावर धावणारा माणूस समुद्राची हवा घेत नसतो. तो शहराची रात्रभर साठवलेली हवा छातीभर ओढत असतो. समोर समुद्र दिसतो म्हणून फसगत होते.

ऊन चढलं की झाकण निघतं, हवा वर-खाली ढवळली जाते, मग खारा वारा येऊन उरलेलं आत ढकलतो आणि विरवतो. म्हणून हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावरची हवा सहसा दुपारनंतर ते सूर्यास्ताच्या आसपास सगळ्यात बरी असते. रात्र चढू लागली की पुन्हा साचायला सुरुवात.

यातला सगळ्यात त्रासदायक भाग म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉनहून लहान कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे वीसहून जास्त कण ओळीने बसतील. नाकातल्या केसांना ते अडत नाहीत, फुप्फुसात खोल जातात. धावताना आपण एरवीपेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो, त्यामुळे वाईट हवेत केलेला व्यायाम त्या हवेचाच डोस वाढवतो. २०२२-२३च्या हिवाळ्यात मुंबईची हवा कित्येक दिवस ‘वाईट’ वर्गात राहिली. ऑक्टोबर २०२३मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून हवेचा निर्देशांक बघायची सवय बऱ्याच जणांना लागली. हा निर्देशांक १०० पर्यंत असला तर समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, त्यापुढे अतिवाईट.

पण तो बघताना एक लक्षात ठेवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ रोज जाहीर करतं तो आकडा गेल्या २४ तासांची सरासरी असतो. त्यात काल रात्रीचं झाकणही आलं आणि आज दुपारचा वाराही. ‘आज १८०’ म्हणजे आत्ता साडेसहाला १८० असं नव्हे. आत्ताचं कळायला बघायचं असतं ते वाऱ्याकडे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. समुद्राकडून आलेला प्रत्येक वारा स्वच्छ असतोच असं नाही. मतलई वाऱ्याने रात्री समुद्रावर नेलेलं प्रदूषण दुसऱ्या दिवशी खारा वारा परत आणतो. सकाळी नवऱ्याने बाहेर ठेवलेला कचरा दुपारी कुत्र्याने पुन्हा दारात आणावा तसं. हिवाळ्यात वारे क्षीण असले की ही ये-जा चालू राहते आणि समुद्राकाठचं शहर असूनही सुटका होत नाही. अशा दिवसांत क्षितिजाजवळ तपकिरी पट्टा दिसतो. तो दिसला की दम्याच्या माणसांनी फिरणं टाळावं, बाकीच्यांनी वेग कमी ठेवावा.

‘शेजारून गाड्या जातात, त्या धुराचं काय?’

मरीन ड्राइव्हला समुद्र आणि इमारतींच्या मध्ये सहा पदरी रस्ता आहे आणि संध्याकाळी तो भरून वाहतो. आक्षेप रास्त आहे. उत्तर पुन्हा दिशेचंच. खारा वारा वाहत असताना तुम्ही समुद्राच्या बाजूच्या फुटपाथवर असाल, तर वारा आधी तुमच्यापाशी येतो आणि मग गाड्यांपाशी. धूर इमारतींकडे जातो. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेलात की तोच धूर तुमच्या तोंडावर. अंतर एका सिग्नलचं, पण हवा वेगळी. आणि वारा फिरून मतलई झाला की नेमकं उलट, कट्ट्यावरच्यांना धूर आणि पलीकडे बरं.

वारा किती आहे हे बघायला यंत्र लागत नाही. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याने १८०५च्या सुमारास वाऱ्याची एक श्रेणी तयार केली, ती आजही वापरतात. पुढे तिला जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. पानं सतत हलतायत आणि हलका झेंडा पसरलाय, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. रस्त्यावरचे कागद आणि धूळ उडतेय, म्हणजे २० ते २८. छत्री आवरत नाही, म्हणजे ३९च्या पुढे. चौपाटीवर मी फुगेवाल्याकडे बघते. फुगे कुठे झुकलेत आणि किती, एवढ्यात सगळं कळतं.

भरती कधी? तिथीला पाऊण

आमचे मुरुडचे आजोबा मोबाइल न बघता भरतीची वेळ सांगत. ‘आज तिथी काय? तिला पाऊणने गुण,’ एवढंच म्हणत. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, भरती तीनला. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी-रात्री अकरा-बाराच्या दरम्यान. दिवसात दोन भरत्या येतात, मध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, आणि रोज त्या साधारण ५० मिनिटं पुढे सरकतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. कोकणातल्या माणसांनी बोटांवर मोजता येईल असा हिशेब बसवला आणि तो मुंबईलाही चालतो. थोडंफार पुढे-मागे होतं, पण फिरायला जाणाऱ्याला पुरेसं.

यातून निघणारी गोष्ट मला फार आवडते. सगळ्यात मोठी भरती, उधाणाची, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येते. तिची वेळ दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास. म्हणजे त्या दिवसांत संध्याकाळी सहाला असते पूर्ण ओहोटी. आणि संध्याकाळी सहाला भरती येते ती अष्टमीच्या सुमारास, तेव्हा ती भांगाची, म्हणजे लहान असते. ऑफिस सुटल्यावर फिरणाऱ्यांना उधाणाचं शिखर सहसा भेटतच नाही. कट्ट्याखालच्या टेट्रापॉडवर, म्हणजे काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर, आदळणारं पाणी फोटोत बघून जे संध्याकाळी त्यासाठी येतात ते हिरमुसतात. पौर्णिमेच्या संध्याकाळी तिथे उघडे पडलेले दगड असतात आणि चिखलाचा वास. माहीमच्या उपसागरापाशी, जिथे मिठी नदी समुद्राला मिळते, तो वास जास्तच. दादर-शिवाजी पार्ककडे फिरणाऱ्यांनी तिथी बघून निघावं, मी एवढंच म्हणेन.

पावसाळ्यात हे सगळे नियम बाजूला

जून ते सप्टेंबर तवा-पातेल्याचा खेळ मोठ्या वाऱ्यात बुडून जातो. नैऋत्य मोसमी वारा दिवसरात्र एकाच बाजूने येतो, त्याला सकाळ-संध्याकाळ नसते. लाटा दूर समुद्रातून ताकद घेऊन आलेल्या असतात. महापालिका साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी आधीच जाहीर करते, ती बघून ठेवा. टेट्रापॉडवर कधीच उतरू नका, पावसाळ्यात तर नाहीच. ते काही टन वजनाचे चौपायी ठोकळे लाटेला फटींमध्ये शिरवून तिचा जोर मोडण्यासाठी ठेवलेत. म्हणजे त्या फटीत पाणी जोरात शिरणं हेच त्यांचं काम. तिथे अडकलेला पाय बाहेर काढायला पुढची लाट वेळ देत नाही. पाण्याशी खेळणारी तरुण मुलं दरवर्षी बघते आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

याच दिवसांत चौपाटीच्या वाळूवर निळसर, फुग्यासारखे जीव येऊन पडतात. त्यांना लोक ब्लू बॉटल म्हणतात. त्यांचा फुगा शिडासारखा असतो, वारा ढकलेल तिकडे जातात. म्हणून पश्चिमेचा वारा लागला की ते किनाऱ्यावर येतात. त्यांचे धागे मेल्यावरही डंख मारतात. जुलै-ऑगस्टमध्ये वाळूत अनवाणी चालू नये.

अर्ध्या तासाने काय होणार?

जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्या माणसांसाठीचा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे. आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास, झाले १५०. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. साधारण मिनिटाला शंभर पावलं. दहा हजार पावलांचा जो आकडा सगळ्यांच्या मनगटावर बसलाय तो १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, वैद्यकशास्त्रातून नव्हे. तो गाठता येत नाही म्हणून न चालणं हे मोठं नुकसान.

डोळ्यांचंही सांगते. दिवसभर आपण दोन फुटांवरचा पडदा बघतो आणि डोळ्यातल्या भिंगाला आकार देणारा स्नायू आवळलेला राहतो. लांब बघितलं की तो सैल होतो. कट्ट्यापाशी उभं राहिलं तर क्षितिज सुमारे आठ किलोमीटरवर असतं. मुंबईत दुसरीकडे कुठे सलग आठ किलोमीटर नजर जाते, सांगा. मी चालायला लागण्याआधी दोन मिनिटं नुसती तिकडे बघत उभी राहते.

‘वारं लागून सर्दी होईल’ याचं उत्तर छोटं आहे. सर्दी विषाणूंनी होते. घामाने ओला शर्ट वाऱ्यात गार पडून हुडहुडी भरते ती वेगळी. कानाला त्रास होणाऱ्यांनी रुमाल बांधावा.

तर निघायचं कधी?

मार्च ते मे: सूर्यास्त पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान. वारा तेव्हाही जोरात असतो, अंधार पडल्यावरही टिकतो. साडेसहा-सातला निघालात तरी चालेल, पाणी मात्र सोबत ठेवा. घाम वाऱ्यात लगेच सुकतो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही.

ऑक्टोबरमध्ये वारा मनासारखा मिळेलच असं नाही, पावसाळी वारा गेलेला आणि खारा अजून नीट बसलेला नसतो. तो महिना सोसायचा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान बुडतो. या महिन्यांत मी ऑफिसातून जमेल तर साडेपाचलाच सुटते, त्या बदल्यात सकाळी अर्धा तास आधी जाते. साहेबांना कारण सांगितलं तेव्हा त्यांनी आधी बघितलं आणि मग स्वतःच यायला लागले.

डिसेंबरमध्ये कधी उशीर झाला तर सात-साडेसातला चर्नी रोडच्या अलीकडे एक वेळ येते, वारा पडतो. फुगे सरळ उभे राहतात. दोन वाऱ्यांच्या मधली ती रिकामी जागा, खारा थांबलेला आणि मतलई निघायचा असतो. पाणी तेलासारखं सपाट होतं. मग कधी आठला, कधी त्याही नंतर पाठीमागून, चौपाटीच्या गाड्यांवरून भेळेचा आणि तव्यावरच्या पावभाजीचा वास येतो. इतका वेळ तो वास शहरात जात होता, आता समुद्राकडे निघालाय, आणि त्याच्यामागोमाग रस्त्यावरचा धूर. मी ओढणी नाकाला लावते आणि स्टेशनचा जिना चढते.